लाल हाडांची गोष्ट

"डॉक्टर, हाडं म्हणजे घराचे वासे. एकदा वाळवी लागली की लागली. आता गोळ्या खाऊन काय होणार?"

गेल्या महिन्यात एका सत्तरीच्या आजींनी मला हे ऐकवलं. हातात डेक्सा स्कॅनचा रिपोर्ट होता, त्यात 'ऑस्टिओपोरोसिस' हा शब्द होता, आणि शेजारी बसलेला मुलगा औषधांचा खर्च मनातल्या मनात मोजत होता. आजींची उपमा चपखल होती. फक्त चुकीची होती.

पण दोष त्यांचा नाही. तुम्ही हाड कधी आणि कुठे पाहिलंय ते आठवून पाहा. शाळेच्या प्रयोगशाळेत तारेला टांगलेला सापळा, मटणाच्या ताटातली नळी, नाहीतर तिसऱ्या दिवशी स्मशानातून मडक्यात गोळा केलेल्या अस्थी. सगळी मेलेली. आम्हा डॉक्टरांची सुरुवातही तशीच होते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी मी एका सीनियरकडून हाडांचा सेट विकत घेतला आणि वसतिगृहाच्या खाटेखाली पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. रात्री त्यातली मांडीची, दंडाची हाडं मांडीवर घेऊन त्यांच्यावरच्या कडा, खड्डे आणि भोकं पाठ करायची. वर्षभर मी ज्याचा अभ्यास केला ते हाड कोरडं, पांढरट आणि खडूसारखं होतं. जिवंत माणसाच्या आतलं हाड ओलसर, गुलाबीसर आणि रक्ताने भरलेलं असतं, कापलं तर त्यातून रक्त येतं, हे पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये पाहिलं तेव्हा मनात ठसलं.

जे मला थिएटरमध्ये कळलं ते जगाला कसं कळलं, ही आजची गोष्ट. तिची खरी सुरुवात लंडनमधल्या एका जेवणाच्या टेबलावर झाली.

त्याआधी शेकडो वर्षं अभ्यास झाला होताच, पण तो मुख्यतः मोजण्याचा आणि नावं देण्याचा. चरकाने हाडं ३६० सांगितली, सुश्रुताने शल्यतंत्राप्रमाणे ३००. आज आपण प्रौढ माणसात २०६ मोजतो. या फरकाला हसायचं कारण नाही. चरकाच्या यादीत दात आणि नखंही आहेत, सुश्रुताच्या यादीत दात आहेत आणि कूर्चाही. नाक, कान, गळा इथल्या लवचिक कूर्चेला सुश्रुत 'तरुण' अस्थी म्हणतो. मला हा शब्द फार आवडतो, कारण पोटातल्या बाळाची बहुतेक हाडं आधी कूर्चेचीच असतात आणि मग त्यांचं हाड होतं. जन्मलेल्या बाळाच्या सांगाड्याचे सुटे भाग मोजले तर ते २७० च्या पुढे जातात, पुढे वाढीच्या वयात एकमेकांना जुळत जाऊन २०६ उरतात. युरोपात १५४३ साली वेसालियसने सापळ्याची अप्रतिम चित्रं छापली. १६९१ मध्ये क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज डॉक्टरने घट्ट हाडातल्या बारीक नळ्यांचं वर्णन केलं. त्यांतून मज्जेचं तेल झिरपत असावं असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात त्यांतून रक्तवाहिन्या जातात, पण नाव आजही हॅवर्सचंच आहे. एवढं सगळं कळूनही एक प्रश्न तसाच राहिला होता. हाड वाढतं कसं? मुलाची मांडी वीतभर असते आणि वीस वर्षांत हातभर होते. मधल्या काळात आत काय घडतं? मेलेलं हाड कितीही नीट पाहिलं तरी हे सांगत नाही.

आता १७३६ सालच्या लंडनमध्ये या. जॉन बेल्चर नावाचा तिशीतला सर्जन एका कापड छापणाऱ्या कारखानदाराकडे जेवायला गेला. कापड कसलं, तर कॅलिको. हे नावच मुळात आपल्या कालिकतवरून पडलेलं. हिंदुस्थानातून जाणाऱ्या छापील सुती कापडाचं इंग्लंडला इतकं वेड लागलं होतं की तिथल्या लोकर आणि रेशीमवाल्यांच्या दबावाखाली पार्लमेंटने त्यावर बंदी आणली. मग तिथले कारखानदार आपल्या पद्धतीने कापड छापू लागले. लाल रंगासाठी ते मॅडर नावाच्या झाडाची मुळं वापरत. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीणच.

टेबलावर डुकराची तंगडी आली. मांस नेहमीसारखं होतं, पण आतलं हाड लालभडक! बेल्चरने यजमानाला विचारलं. त्याला त्याचं काहीच नवल नव्हतं. रंगवलेल्या कापडाचा न छापलेला भाग पुन्हा पांढरा व्हावा म्हणून कापड कोंडा घातलेल्या पाण्यात उकळत. त्या कोंड्यात मॅडरचा रंग उतरे, आणि फुकट कशाला घालवायचा म्हणून तो डुकरांना घातला जाई. त्याच्याकडच्या डुकरांची हाडं लालच असायची.

हे याआधी कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. सोळाव्या शतकात एका फ्रेंच लेखकाने मॅडर खाणाऱ्या जनावरांची हाडं लाल होतात असं लिहून ठेवलं होतं, आणि कुणी लक्ष दिलं नव्हतं. कारखानदारानेही रोज पाहिलं आणि सोडून दिलं. बेल्चर मात्र घरी जाऊन कामाला लागला. त्याने एका कोंबड्याच्या खाण्यात मॅडरचं मूळ मिसळलं. त्याचीही हाडं लाल झाली, आणि मांस, स्नायू, कूर्चा हे सगळं जसंच्या तसं राहिलं. त्याच वर्षी त्याने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दोन छोटे लेख लिहिले आणि तो आपल्या रुग्णांकडे परत गेला.

इथे जरा थांबूया, कारण यातच सगळं आहे. खाल्लेल्या गोष्टीचा रंग पोटातून रक्तात आणि रक्तातून हाडात गेला, तोही काही दिवसांत. वाशाला आतून रंग चढतो का? मॅडरमधलं अलिझारिन हे रंगद्रव्य कॅल्शियमला चिकटतं. ज्या जागी त्या दिवसांत नवं कॅल्शियम बसत असेल, तिथे ते त्याच्याबरोबर अडकून राहतं. म्हणजे लाल रंग हाडभर सारखा पसरत नाही, तो मुख्यतः आज बनलेल्या हाडावर खूण करतो. भिंत बांधताना एखाद्या दिवशीच्या सिमेंटमध्ये गेरू कालवावा, आणि पुढे कधीही भिंत फोडली तर 'हा थर त्या दिवशीचा' असं दाखवता यावं, तसं हे. (कृपा करून कुणी मंजिष्ठेचं चूर्ण आणून स्वतःवर प्रयोग करू नका. हाडं लाल झाली की नाही हे बघायला मला तुमचा पाय कापावा लागेल.)

ही बातमी लंडनहून पत्राने पॅरिसला पोचली आणि आंरी-लुई द्युआमेल या माणसाच्या हाती पडली. हा डॉक्टर नव्हता. तो झाडांचा अभ्यासक होता आणि फ्रेंच नौदलासाठी जहाजबांधणीच्या लाकडाची काळजी वाहायचा. त्यामुळे त्याने हाडाकडे झाडासारखं पाहिलं. त्याने लहान डुकरांना काही आठवडे मॅडर दिलं, काही आठवडे बंद केलं, पुन्हा दिलं. मग हाड आडवं कापलं तर आत लाल आणि पांढरी वर्तुळं, एकाभोवती एक, अगदी झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी. हाडावर जे पातळ आवरण असतं, ज्याला आपण पेरिऑस्टियम म्हणतो, ते झाडाच्या सालीखालच्या थरासारखं काम करतं आणि हाडाला बाहेरून थर चढवत जातं, असं त्याने मांडलं. ते खरं निघालं. हाड मोडल्यावर जुळतं त्यातही या आवरणाचा मोठा वाटा असतो. म्हणून लहान मुलांची हाडं चटकन जुळतात, कारण त्यांचं हे आवरण जाड आणि कामसू असतं.

मग त्याने आणखी एक प्रयोग केला. वाढत्या प्राण्याच्या पायाच्या हाडाभोवती चांदीच्या तारेचं कडं बसवलं आणि जखम शिवली. काही काळाने पाहिलं तर कडं हाडाने झाकलं गेलं होतं. आणखी काळ जाऊ दिला तर ते थेट हाडाच्या पोकळीत, मज्जेत सापडलं. बाहेर बसवलेलं कडं आत गेलं कसं?

द्युआमेलला वाटलं, हाड फुगलं आणि कड्यावर दाबून चिरत बाहेर आलं. हे चुकलं. माणूस हुशार होता, प्रयोग बिनचूक होता, पण अर्धी गोष्ट त्याला सुचली नाही, कारण झाडात ती नसते. झाड आतला जुना थर कधी पुसून टाकत नाही.

ती अर्धी गोष्ट लंडनच्या जॉन हंटरने पुरी केली. हंटर हा शल्यविद्येच्या इतिहासातला एक अचाट माणूस. पुस्तकापेक्षा प्रयोगावर विश्वास, आणि घर म्हणजे जिवंत-मेलेल्या प्राण्यांचं संग्रहालय. त्याने डुकराच्या नडगीत थोड्या अंतरावर शिशाच्या दोन गोळ्या पुरल्या. डुक्कर वाढलं, नडगी लांब झाली, पण गोळ्यांमधलं अंतर तेवढंच राहिलं! म्हणजे हाड रबरासारखं सगळीकडे ताणलं जात नाही, लांबी वाढते ती टोकांना. (स्टीफन हेल्सने कोंबडीच्या पिलाच्या हाडाला दोन भोकं पाडून हेच आधी दाखवलं होतं.) लहान मुलांच्या एक्स-रेत हाडाच्या टोकाजवळ एक काळी फट दिसते आणि आईबाप घाबरून विचारतात, "इथे मोडलंय का?" ती मोड नसते. ती वाढीची कूर्चा असते, सुश्रुताच्या शब्दात 'तरुण'. वाढ पुरी झाली की ती फट बुजते. मग उंची वाढवायच्या पावडरीवर कितीही पैसे घातले तरी सेंटिमीटरभरही फरक पडत नाही, हे इथे सांगून टाकतो, कारण दर सुट्टीत मला हा प्रश्न येतो.

हंटरने मॅडरचेही प्रयोग केले. काही डुकरांची हाडं मॅडर देऊन लगेच पाहिली, काहींना ते थांबवून आणखी काही काळ वाढू दिलं. पहिल्यांत लाल थर बाहेर होता. दुसऱ्यांत त्यावर पांढरा थर चढला होता, आणि आतल्या बाजूने हाड नाहीसं होत चाललं होतं. कड्याचं कोडं सुटलं. कडं जागचं हललंच नव्हतं. बाहेरून नवं हाड चढत गेलं, आतून जुनं हाड शरीराने उचलून नेलं, आणि कडं आयतंच पोकळीत आलं. शरीर हाड बांधतं, आणि शरीरच ते मोडतं. मोडणं हा आजार नाही, ते बांधकामाचाच भाग आहे. नुसतं बांधत राहिलं असतं तर मोठ्या माणसाचं हाड भरीव आणि अवजड झालं असतं, मज्जेला जागाच उरली नसती. हंटरचं हे काम तो गेल्यावर, १७९८ मध्ये छापलं गेलं.

पण मोडतं कोण? त्याला पुढचं शतक लागलं. १८५३ मध्ये टोम्स आणि डी मॉर्गन या दोन इंग्रजांनी सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण वाढलेल्या हाडाचे पातळ काप पाहिले. त्यात कुरतडल्यासारख्या नागमोडी कडांची भोकं होती, आणि काही भोकं नव्या हाडाने भरलेली होती. म्हणजे वाढ संपल्यावरही मोडतोड आणि भरणी चालूच राहते. पुढे जर्मनीतल्या अभ्यासकांनी कामगार ओळखले. १८६४ मध्ये गेगेनबाउरने बांधणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट म्हटलं, १८७३ मध्ये कोलिकरने अनेक केंद्रकांच्या अवाढव्य पेशींना हाड मोडणाऱ्या म्हणून ओळखलं, त्या ऑस्टिओक्लास्ट. मी रुग्णांना सांगताना त्यांना गवंडी आणि बेलदार म्हणतो. बेलदार हाडावर चिकटून बसतो, खाली आम्ल सोडतो, कॅल्शियम विरघळवतो, मग उरलेले कोलॅजेनचे धागे पचवतो. तो गेला की गवंडी येतात, आधी धागे विणतात आणि मग त्यांवर खनिज बसतं. बेलदाराचं एका जागचं काम दोन-तीन आठवड्यांत आटोपतं, गवंड्यांना तीन-चार महिने लागतात. पाडायला वेळ लागत नाही, बांधायला लागतो, हे घराचं काम काढलेल्या कुणालाही सांगायला नको. काही गवंडी काम करता करता स्वतःच भिंतीत चिणले जातात. पण ते मरत नाहीत. बारीक फांद्यांनी एकमेकांना धरून ते आत जगतात आणि हाडावर किती भार येतोय याची खबर ठेवतात.

धागे आणि खनिज ही जोडी घरीच पाहता येते. कोंबडीची तंगडी खाऊन झाल्यावर हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा. खनिज विरघळून जातं आणि हाड वेलीसारखं वाकतं. उलट चुलीत जाळलेल्या हाडाचा आकार राहतो, पण चिमटीत भुगा होतो. धाग्यांनी चिवटपणा येतो, खनिजाने कडकपणा. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन प्रथिनं टाळणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

भाराची गोष्ट निघाली म्हणून थोडक्यात सांगतो. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये मेयर या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचं वरचं टोक उभं कापलं होतं. त्यातली जाळी कुल्मान नावाच्या इंजिनिअरने पाहिली आणि म्हणाला, या तर माझ्या क्रेनमधल्या ताणाच्या रेषा! १८९२ मध्ये बर्लिनच्या यूलियस वोल्फने यावरून मांडलं की भार बदलला की हाडाची आतली रचनाही बदलते. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड असतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला सुमारे एक टक्क्याने, कधी त्याहून जास्त घटतं, कारण तिथे वजनच नाही. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घटायला अंतराळात जावं लागत नाही.

विसाव्या शतकात नवं मॅडर सापडलं. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविकही कॅल्शियमला चिकटतं आणि अतिनील प्रकाशात पिवळं चमकतं, हे १९५७ मध्ये दिसून आलं. माझ्या वयाच्या काही लोकांच्या दातांवर जे तपकिरी पट्टे दिसतात, ते बहुधा लहानपणी मिळालेल्या या औषधाचे. दात घडत असताना ते त्यात अडकून बसलं. म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ते आपण टाळतो. पण अमेरिकेतल्या हॅरोल्ड फ्रॉस्टने याच गोष्टीचा फायदा घेतला. रुग्णाला काही दिवस औषध द्यायचं, काही दिवस थांबायचं, पुन्हा द्यायचं, आणि मग कमरेच्या हाडाचा छोटा तुकडा काढून पाहायचा. दोन चमकत्या रेषा दिसतात. त्यांच्यातलं अंतर म्हणजे मधल्या दिवसांत माणसाने बांधलेलं हाड. द्युआमेलचाच प्रयोग, फक्त डुक्कर न मारता. सुदानमधल्या नुबियातल्या सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या हाडांतही अशीच चमक सापडली आहे. तिथले लोक धान्यापासून जी बिअर करत तिच्यात ते औषध तयार करणारे जिवाणू वाढले असावेत.

अशा कामांतून हिशेब लागला तो असा. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी नवा होतो. तिशीपर्यंत गवंडी पुढे असतात. मग काही वर्षं बरोबरी. पाळी थांबल्यावर बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं आणि बेलदारांवरचा वचक जातो. पाडणं वाढतं, बांधणं पुरं पडत नाही. पुरुषांचंही हेच होतं, पण उशिरा आणि हळूहळू. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं. ही वाळवी नव्हे. बाहेरून कुणी आलेलं नाही, आपलेच कामगार आहेत, हिशेब बिघडलाय. म्हणूनच औषध चालतं. आठवड्याला एकदा घ्यायची जी गोळी आपण देतो ती मॅडरसारखीच हाडातल्या खनिजाला चिकटते, आणि बेलदार तिथे खायला आला की त्याला निकामी करते. काही इंजेक्शनं उलट बाजूने जातात आणि गवंड्यांना कामाला लावतात.

हे सगळं मला १९९९ साली पुस्तकातून पाठ होतं. मी एमडी होऊन तीन वर्षं झाली होती. माझी आई, तेव्हा एकोणसाठ वर्षांची, अंगणात ओल्या फरशीवर घसरली आणि हात टेकला. मनगट मोडलं. मी एक्स-रे दिव्यासमोर धरला, मोड पाहिली, प्लास्टर घालून आणलं, सहा आठवड्यांनी काढलं. "जुळलं बघ छान," मी म्हणालो. ती परत पोळ्या लाटायला लागली आणि मी विषय मिटवला. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं तर दोष फरशीचा नसतो, हाडाचा हिशेब तपासायला हवा, हे मी दुसऱ्याच्या आईबद्दल परीक्षेत लिहिलं असतं. २०१० मध्ये रात्री बाथरूमला जाताना ती पुन्हा पडली. या वेळी खुबा. ऑपरेशन नीट झालं, पण ती परत वॉकरशिवाय चालली नाही. मधली अकरा वर्षं बेलदार रोज कामावर येत होते, आणि मी त्याच घरात जेवत होतो.

तेव्हापासून पन्नाशीनंतर मनगट मोडून आलेल्या बाईला मी प्लास्टरच्या चिठ्ठीबरोबर डेक्साची चिठ्ठीही देतो. काहींना वाटतं डॉक्टर तपासण्या वाढवतात. वाटू दे.

गेल्या महिन्यातल्या आजींना मी डुकराची गोष्ट सांगितली नाही. त्या माळकरी आहेत. चांदीच्या कड्याची तेवढी सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली, स्वतःच्या हातातली पाटली थोडा वेळ फिरवली, आणि विचारलं, "म्हणजे माझे वासे परत नवे बसतील?"

"पूर्वीइतके भक्कम नाहीत," मी म्हणालो. "पण पाडापाडी कमी करता येते. आणि रोज चाललात तर खालून भरणी होत राहते."

मुलाने गोळीची चिठ्ठी घेतली. दारापर्यंत गेलेल्या आजी परत वळल्या. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, तर चहाबरोबर चालेल का? नाही, चालणार नाही. साध्या पाण्याबरोबर, ग्लासभर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. "अर्धा तास चहा नाही," त्या मुलाला म्हणाल्या, "आठवड्यातून एकदाच ना? मग सोमवार धरूया. तसाही माझा उपास असतो."